गोदाम भरलेले असते तेव्हाच पाणी येते: सोलापुरातल्या कारखानदाराने पुराची तयारी कशी करावी

प्रश्न असा आहे: अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा छोटा कारखाना, चोवीस माग, लागूनच लहान डाय हाऊस, म्हणजे रंगकामाचा विभाग. तयार मालाचे गोदाम कापडबाजारातल्या चाटी गल्लीजवळ एका इमारतीच्या तळघरात. २०२५ च्या सप्टेंबरात कारखान्यात गुडघाभर पाणी शिरले, तळघरात त्याहून जास्त. विम्याचा दावा केला, पण हातात आलेली रक्कम मागणीपेक्षा बरीच कमी. यंदा पावसाळ्याआधी पाच-सहा लाख खर्च करता येतील. कुंपणाची भिंत उंच करावी, मागांच्या मोटारी उचलून घ्याव्यात, की विमा वाढवावा? आणि भिजलेले टॉवेल धुऊन विकता येतात का?

आधी उत्तर देतो, मग कारणे. भिंत उंच करू नका. पहिला पैसा तळघर रिकामे करण्यावर घाला, दुसरा विजेची पॅनेल वर चढवण्यावर, तिसरा गटारातून उलटे येणारे पाणी अडवण्यावर. विम्याच्या कामात पैशांपेक्षा कागदपत्रे जास्त आहेत. ते याच आठवड्यात सुरू करा, कारण पाऊस तोंडावर आला की विमा कंपन्या वाढीव रकमेसाठी सहज तयार होत नाहीत.

मी विमा सर्व्हेअर आहे. पूर ओसरला की कारखान्यात जायचे, काय भिजले, काय वाचले, त्याची किंमत किती, हे ठरवायचे, हे माझे काम. सोलापूर, पंढरपूर, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर सांगली-कोल्हापूरकडचे कारखाने मी आतून पाहिले आहेत. शेजारीशेजारी असलेल्या दोन युनिटांत पाणी सारखेच चढलेले असते. एक दहा दिवसांत चालू होते आणि दुसरे दिवाळीनंतरही बंद असते. हा फरक पैशांमुळे क्वचितच पडतो. कोणती वस्तू किती उंचीवर होती आणि पहिल्या तासात कोणी काय केले, यावर तो पडतो.

आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. टँकर, चारा छावणी आणि उजनीचा मृतसाठा यांच्या बातम्या वाचत आपण मोठे झालो. म्हणून इथले कारखाने बांधताना पुराचा विचारच कोणी केला नाही. मेन स्विच दाराशी, हात पोचेल अशा उंचीवर. सुताच्या गोण्या थेट फरशीवर. मागाची मोटर जमिनीपासून जेमतेम फूटभर. कोकणातला कारखानदार असे करणार नाही, कारण त्याला दरवर्षी पाणी दिसते. आपल्याकडे पाच-सात वर्षे काहीच होत नाही आणि मग एका रात्रीत सगळे होते.

सोलापूरला धोका दोन प्रकारच्या पाण्याचा आहे आणि दोन्हींची तयारी वेगळी करावी लागते. पहिले नाल्याचे. दोन-तीन तास ढग फुटल्यासारखा पाऊस पडतो, काळ्या मातीत पाणी मुरत नाही, नाले अरुंद झालेले असतात, आणि पाणी थेट आवारात येते. याची सूचना अर्ध्या तासाचीही मिळत नाही, आणि बहुतेक वेळा ते रात्री येते. हिप्परगा तलाव भरून सांडव्यावरून वाहू लागला की आदिला नदीच्या काठच्या वस्त्यांना असाच फटका बसतो. दुसरे नदीचे पाणी. सीनेला पूर येतो तेव्हा सोलापुरात कित्येकदा ऊन असते. पाऊस पडलेला असतो परांडा, भूम, अहिल्यानगरकडे, आणि सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या प्रकल्पांतून पाणी सोडलेले असते. भीमेचेही तसेच: वर पुणे जिल्ह्यात पाऊस, मग उजनीतून विसर्ग, शिवाय वीर धरणाचे पाणी नीरेतून नृसिंहपूरला भीमेत मिसळते. या पाण्याची सूचना काही तास आधी मिळते, ऐकणारा असेल तर.

तुमच्या कारखान्याला नाल्याच्या पाण्याचा धोका आहे, सीनेचा नाही. पण तुमच्या धंद्याला सीनेचाही आहे. २०२५ च्या सप्टेंबरात लांबोटीजवळ सीनेच्या पुरामुळे सोलापूर-पुणे महामार्गाची वाहतूक थांबली होती. माल मुंबईच्या बंदरावर पाठवायचा आणि जहाजाची तारीख ठरलेली, अशा वेळी कारखाना कोरडा असूनही ऑर्डर हातची जाते. म्हणून सप्टेंबरातला माल पाठवताना तीन-चार दिवस हाताशी राखून ठेवा आणि महामार्ग बंद झाल्याचे कळताच खरेदीदाराला त्याच दिवशी ईमेल करा. तारीख वाढवून मागण्याची वेळ ती असते. आठवडा उलटल्यावर तीच गोष्ट सबब वाटते.

आता सगळ्यात महत्त्वाचे. सोलापुरात सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो, आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरातही झोडपतो. दसरा-दिवाळीच्या मागणीसाठी टॉवेल आणि चादरीचा साठा कधी भरतो? ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. म्हणजे पाणी येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते त्याच आठवड्यांत तुमचे गोदाम छतापर्यंत भरलेले असते. मेमध्ये गोदाम अर्धे रिकामे असताना केलेली तयारी पाहून समाधान मानू नका. पावसाळ्याची पहिली पाहणी मेमध्ये करा, पण खरी पाहणी पोळा ते गणपती या दिवसांत, गोदाम भरत असताना करा. विम्याची रक्कमही त्याच आठवड्यांतला साठा डोळ्यांपुढे ठेवून ठरवायची. त्यावर पुढे येतो.

कामाला सुरुवात रंगाच्या डब्याने करा. भिंतीवर गेल्या वर्षीच्या पाण्याची रेघ अजून असेल, त्या रेघेवर तारीख लिहा. तिच्या वर एक फूट दुसरी रेघ काढा, लाल. ही रेघ कारखान्यात सगळीकडे, खांबांवरसुद्धा, पाणसळ लावून एकाच पातळीत फिरवा. फरशीला उतार असतो, त्यामुळे एका कोपऱ्यात ती गुडघ्याला आणि दुसऱ्या कोपऱ्यात कमरेला येईल, आणि हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कोणाला पटत नाही. मग लाल रेघेच्या खाली काय काय आहे याची यादी करा. प्रत्येक वस्तूपुढे दोनच उत्तरे शक्य आहेत: कायमची वर जाईल, किंवा सूचना मिळाल्यावर उचलली जाईल. उचलली जाईल असे लिहिले तर कोण उचलणार आणि किती वेळात, तेही लिहा. ज्या वस्तूला यापैकी एकही उत्तर नाही, ती भिजणार हे धरून चाला आणि तिचा विमा नीट आहे का ते पाहा. माग स्वतः या तिसऱ्या वर्गात येतात. चोवीस माग उचलता येत नाहीत, पाया उंच करायचा म्हटले तर तुमचे सगळे पैसे त्यातच जातील.

तळघर मात्र सोडाच. माझे स्पष्ट मत आहे: तयार माल तळघरात ठेवण्याला सोलापुरात यापुढे कारण उरलेले नाही. चाटी गल्लीच्या जवळ जागा हवी म्हणून भाडे परवडते, हे मला कळते. पण कारखान्यात रेघेच्या वर कितीतरी माल वाचवता येतो, तळघरात वर अशी जागाच नसते. जिन्यावरून पाणी उतरू लागले की माल बाहेर काढायचा रस्ताही तोच असतो. माणूस आत अडकण्याची भीती वेगळीच. दुकानापुरते नमुने आणि आठवड्याचा माल पहिल्या मजल्यावर ठेवा, बाकी गाठी कारखान्यात नाहीतर शहराच्या उंच भागातल्या गोदामात. करारामुळे यंदा तळघर सोडता येत नसेल, तर जून ते ऑक्टोबर तिथे रिकामी खोकी आणि पॅकिंगचे साहित्य ठेवा. तळघरात पाणी भरलेच, तर ते पंप लावून एका दमात उपसू नका. बाहेरची जमीन पाण्याने जड झालेली असते, आतला आधार अचानक गेला तर भिंत आत येते. बाहेरचे पाणी ओसरल्यावर रोज साधारण एक तृतीयांश याप्रमाणे उपसा.

विजेचे काम चांगल्या परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. मेन पॅनेल, मागांची स्टार्टर पॅनेल, कपॅसिटर पॅनेल, सौरऊर्जेचा इन्व्हर्टर हे सगळे लाल रेघेच्या वर गेले पाहिजे. केबल वरून आणा, जमिनीतल्या चरातून नको. चालवणाऱ्याला हात पोचण्यासाठी लोखंडी पायऱ्यांचा लहान ओटा करावा लागेल, करा. जनरेटर कट्ट्यावर असतोच, पण त्याची बॅटरी आणि डिझेलची टाकी किती उंचीवर आहे तेही बघा. टाकी रिकामी असेल तर पाण्यावर तरंगते आणि पाईप तोडते, म्हणून ती पट्टीने बांधून ठेवा. कॅन्टीनचा गॅस सिलिंडरही साखळीने बांधा.

एक धोका फार लोकांना माहीत नाही. छतावर सौर पॅनेल असतील तर मेन पाडल्यावरही दिवसा त्या तारांत वीज असते, कारण सूर्य बंद करता येत नाही. कपॅसिटरमध्येही काही वेळ भार राहतो. म्हणून पाणी पॅनेलला लागले असेल तर मेन पाडलेले आहे एवढ्यावर विसंबून कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका. महावितरणला १९१२ वर कळवून पुरवठा बाहेरूनच तोडून घ्या आणि सौरवाल्या ठेकेदाराला बोलवा.

मोटार भिजली म्हणजे गेली असे नाही. लोक घाई करतात आणि म्हणून ती जाते. पाणी ओसरले, वरून कोरडी दिसली, स्विच दाबला, आणि वाइंडिंग जळाले, हा प्रकार मी प्रत्येक पुरानंतर पाहतो. विमा कंपनी मग विचारते की ही पुरात भिजली की तुम्ही जाळली, आणि तो प्रश्न रास्त असतो. योग्य क्रम असा: मोटार काढा, आधी स्वच्छ पाण्याने आतला गाळ धुवा, कारण आपल्या काळ्या मातीचा चिकट गाळ वाळला की दगड होतो. मग रिवाइंडिंगवाल्याकडे भट्टीत मंद आचेवर नीट वाळवा, बेअरिंग बदला, आणि ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या उपकरणाने, इन्सुलेशन तपासा. एक मेगाओमच्या खाली असेल तर जोडायचीच नाही. पाचच्या वर आले तर निर्धास्त व्हा. कॉन्टॅक्टर, एमसीसीबी, इलेक्ट्रॉनिक कार्ड भिजले असेल तर वाळवून वापरू नका, बदला. रिवाइंडिंगवाल्याशी आत्ताच बोलून ठेवा, कारण पुराच्या दुसऱ्या दिवशी अख्खी एमआयडीसी त्याच्या दारात उभी असते. चार-पाच मोटारी जादा ठेवल्यात तर निदान काही माग पहिल्या आठवड्यात सुरू होतात.

आता पाणी अडवण्याबद्दल, आणि तुमची भिंत. साध्या विटांच्या भिंतीला बाहेरून एक मीटर पाणी टेकले तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे अर्धा टन रेटा पडतो. दुप्पट उंची झाली की रेटा चौपट होतो. भिंत उंच केली की ती जास्त पाणी अडवते आणि मग एकदम पडते, तेही आत काम करणाऱ्या माणसांच्या अंगावर. २०२० च्या ऑक्टोबरात पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत पावसात कोसळून सहा जणांचा जीव गेला, ते आपण विसरलेलो नाही. माझा नियम असा: दारात फळ्या बसवून दोन फुटांपर्यंतचे पाणी अडवा. त्याच्या वर चढू लागले तर आत येऊ द्या. आत-बाहेर पाणी सारखे झाले की भिंतीवरचा रेटा संपतो. माल वर घेतलेला असेल, वीज बंद असेल, तर आत आलेले पाणी गाळ सोडून निघून जाते.

दाराच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खाच बसवून त्यात सरकणाऱ्या मरीन प्लायच्या नाहीतर ॲल्युमिनियमच्या फळ्या, खाली रबराची पट्टी, हे स्थानिक फॅब्रिकेटर करून देतो. वाळूची पोती ठेवणार असाल तर पूर्ण भरू नका, दोन तृतीयांश भरा, विटांसारखी सांधे मोडून रचा आणि बाहेरून जाड प्लास्टिक अंथरा. ताठ भरलेल्या पोत्यांच्या फटींतून पाणी सरळ वाहते.

पण दार अडवले आणि पाणी शौचालयाच्या भांड्यातून आले, असे फार कारखान्यांत होते. बाहेरचे गटार भरले की पाणी पाईपमधून उलटे येते. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक सांडपाण्याच्या पाईपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी झडप, बसवा. काही हजारांचे काम आहे आणि मला विचाराल तर खर्चाच्या मानाने सगळ्यात जास्त फायदा इथेच. मात्र तो दर महिन्याला उघडून साफ करावा लागतो, कारण टॉवेलच्या कारखान्यात मागांखालचा कापूस आणि तंतू गटारात जातात, व्हॉल्व्हच्या झाकणात अडकतात आणि झाकण उघडेच राहते. आवारातले चेंबर याच तंतूंनी तुंबतात. तुमच्या फाटकाबाहेरचा नाला एकट्याने साफ होणार नाही. गाळ्यांच्या ओळीतल्या सगळ्यांनी मिळून मेमध्येच, फोटोंसह, महापालिकेच्या विभागीय कार्यालयात आणि एमआयडीसीत लेखी अर्ज द्या व पोच घ्या.

डाय हाऊसबद्दल तुम्ही काही विचारले नाही, पण मला सगळ्यात जास्त काळजी तिथली वाटते. व्हॅट रंगासाठी वापरतो तो हायड्रो, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, ओला झाला की स्वतःहून तापतो आणि पेट घेऊ शकतो, शिवाय विषारी वायू सोडतो. पुराच्या पाण्यात आग लागलेली कोणाला खरी वाटत नाही, पण हायड्रोचा डबा भिजला की तसे होते. त्याचे डबे घट्ट झाकणाचे, सर्वात वरच्या फळीवर, भिंतीपासून सुटे ठेवा, आणि सप्टेंबरात साठा आठवड्यापुरताच आणा. कॉस्टिक सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकाच खोलीत असतील तर वेगळे करा. कॉस्टिक पाण्यात पडले तर पाणी उकळल्यागत तापते आणि पेरॉक्साइडबरोबर मिसळले तर वाफ आणि ऑक्सिजन सोडते. बॉयलर गरम असताना त्याच्या भट्टीत थंड पाणी शिरू देऊ नका. पाणी चढताना दिसले तर आधी आग काढा, बॉयलर अटेंडंटला हे लेखी देऊन ठेवा. पाणी गेल्यावर अधिकृत तपासणी झाल्याशिवाय बॉयलर पेटवायचा नाही.

माणसांचा विचार आता करतो, पण प्रत्यक्षात तोच आधी करायचा असतो. नाल्याचे पाणी रात्रपाळीत येते. तेव्हा कारखान्यात तुम्ही नसता, मुकादम असतो. माझ्या पाहणीत वारंवार आलेली गोष्ट: मुकादमाला मेन पाडायचा होता, पण मालकाला विचारल्याशिवाय माग बंद करण्याची त्याची छाती झाली नाही, आणि मालकाचा फोन लागला नाही. म्हणून मुकादमाला लेखी अधिकार द्या की पाणी उंबऱ्याला लागले की कोणाला न विचारता माग थांबवायचे, मेन पाडायचा, माणसे सुरक्षित जागी न्यायची. यात चूक झाली, पाणी आलेच नाही, तरी त्याच्यावर रागावायचे नाही, हेही सगळ्यांसमोर सांगा. भिंतीवर लावायचा कागद मराठीत आणि तेलुगूत, दोन्हींत लिहा. तुमच्या मागांवरचे बरेच कामगार तेलुगू वाचतात.

आणि हे लक्षात ठेवा की त्या रात्री कामगारांच्या घरांतही पाणी शिरलेले असते. विडी घरकुल, शेळगी, नीलमनगर, जिथे ते राहतात तो भाग तुमच्यापेक्षा सखल असू शकतो. दुसऱ्या दिवशी सगळे कामावर येतील हे गृहीत धरून योजना करू नका. त्यांना आधी घर सावरायला दोन दिवस आणि हातात थोडी उचल द्या. ज्या मालकांनी हे केले त्यांच्याकडे तिसऱ्या दिवशी माणसे आपणहून गाळ काढायला आली, हे मी पाहिले आहे.

सूचना कुठून मिळतील? हवामान खात्याचे मौसम ॲप, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे सचेत ॲप, केंद्रीय जल आयोगाचे फ्लडवॉच इंडिया ॲप. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७. यापैकी सचेत मुकादमाच्या फोनवरही असू द्या.

मालाबद्दल थोडक्यात. सुताच्या गोण्या आणि गाठी लाकडी नाहीतर प्लास्टिकच्या पॅलेटवर. खालचे सूत भिजले की ओल वर चढते, म्हणून पाणी ओसरताच वरच्या कोरड्या गोण्या आधी हलवा, भिजलेल्या नंतर. गडद रंगाचे टॉवेल खाली आणि पांढरे वर ठेवा, शेजारीशेजारी नको. लाल-मरून रंग सुटून पांढऱ्याची गाठ रंगली की ती कोणत्याही धुण्याने परत येत नाही. जेकार्डच्या जुन्या डिझाईनचे पुठ्ठे असतील तर ते माळ्यावर. त्यांची विम्यात मिळणारी किंमत पुठ्ठ्याची असते, डिझाईनची नव्हे. संगणकावरची डिझाईन आणि टॅलीचा हिशेब रोज क्लाऊडवर जाऊ द्या. पूर आल्यावर दावा सिद्ध करायचा तो याच हिशेबावर.

आता विमा. रक्कम कमी का आली ते तुमची कागदपत्रे पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही, पण सोलापुरात ती बहुधा चार-पाच कारणांनीच कमी होते.

पहिले कारण अपुरी विमा रक्कम. गोदामात पाण्याच्या दिवशी ऐंशी लाखांचा माल होता आणि पॉलिसी चाळीस लाखांची, तर तुमचे नुकसान दहा लाखांचे असले तरी कंपनी निम्मेच, पाच लाख देते. कारण निम्म्या जोखमीचा विमा तुम्ही स्वतःच उचलला असे धरले जाते. एप्रिल २०२१ पासून लहान उद्योगांसाठी दोन ठरावीक पॉलिसी आल्या आहेत: पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेला भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, आणि पाच ते पन्नास कोटींना भारत लघु उद्यम सुरक्षा. त्यांत पूर आणि वादळ मुळातच धरलेले आहे आणि पंधरा टक्क्यांपर्यंतचा अपुरेपणा माफ आहे. पण तुमचा साठा मार्चमध्ये तीस लाख आणि सप्टेंबरात ऐंशी असेल तर पंधरा टक्क्यांनी काय होणार? सप्टेंबरचा आकडा धरा. मशिनरीची रक्कमही नव्या मागाच्या आजच्या किमतीवर, ताळेबंदातल्या घसारा वजा किमतीवर नव्हे.

दुसरे, पत्ता. तळघराचा पत्ता पॉलिसीत आहे का? बँकेने कर्ज देताना काढलेल्या पॉलिसीत पुष्कळदा फक्त कारखान्याचा पत्ता असतो आणि रक्कम कर्जाएवढीच. बँक आपले कर्ज वाचवते, तुमचा धंदा नव्हे. शिवाय काही पॉलिसींत तळघरातला माल वगळलेला असतो, किंवा माल फरशीपासून ठरावीक उंचीवर ठेवण्याची अट असते. ती अट वाचा.

तिसरे, दुसऱ्याचा माल. तुम्ही जॉबवर्क, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुताचे मजुरीवर टॉवेल, करत असाल तर व्यापाऱ्याचे सूत तुमच्या आवारात भिजते, आणि पॉलिसीत विश्वासाने ताब्यात असलेल्या मालाचा उल्लेख नसेल तर त्याचा एक रुपयाही मिळत नाही. व्यापारी मात्र तुमच्याकडेच मागतो. एका वाक्याची भर घालून घ्या.

चौथे, जीएसटी. माल नष्ट झाला की त्यावर घेतलेले इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) परत करावे लागते, केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार. विमा रक्कम ठरवताना हा कर धरला नसेल तर तो बोजा तुमच्या खिशातून जातो. सीएंशी बोलून रक्कम करासह ठरवा.

पाचवे, पाणी कुठून आले. जमिनीवरून चढलेले पाणी पुरात मोडते. पण सिमेंटच्या पत्र्याच्या फटीतून नाहीतर तुंबलेल्या पन्हळीतून गळून भिजलेला माल दुरुस्तीच्या हयगयीत धरला जाऊ शकतो. पत्रे आणि पन्हळ मेमध्ये दुरुस्त करा आणि त्याचे बिल जपून ठेवा. धंदा बंद राहिल्याने बुडालेला नफा मालमत्तेच्या पॉलिसीत येत नाही, त्याची वेगळी पॉलिसी असते. चोवीस मागांच्या युनिटाने त्याची किंमत विचारून तरी पाहावी.

पाणी आलेच तर त्या दिवशी: आधी माणसे, मग वीज, मग फोन. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, ईमेलने, म्हणजे वेळ नोंदली जाते. पाण्याची रेघ, प्रत्येक रांग, प्रत्येक मागाचा क्रमांक यांचे व्हिडिओ काढा. तलाठ्याचा किंवा महापालिकेचा पंचनामा करून घ्या. सर्व्हेअर येईपर्यंत सगळे जसेच्या तसे ठेवायचे असते, हा समज चुकीचा आहे. नुकसान वाढू न देणे ही पॉलिसीतली तुमचीच जबाबदारी आहे. ओले सूत दोन दिवसांत बुरशी धरते. फोटो काढा, गाठी मोजा, वजन करा, नमुने बाजूला ठेवा, सर्व्हेअरला फोनवर सांगा आणि वाळवायला घ्या. टाकायचा माल मात्र त्याने पाहिल्याशिवाय भंगारात देऊ नका. गाळात काम करणाऱ्यांना गमबूट आणि हातमोजे द्या. पायाला जखम असलेल्याला गाळात उतरवू नका, आणि लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) गोळ्यांबद्दल डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.

राहिले भिजलेले टॉवेल. नाल्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते, त्यामुळे अंगाला लावायच्या वस्तूबाबत मी कडक आहे. पांढरा माल चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत गरम पाण्यात, ब्लीच करून धुतला आणि पूर्ण वाळवला, तर तो पुष्कळदा चांगला निघतो. तरी तो सेकंड, म्हणजे दुय्यम प्रतीचा, म्हणूनच विका आणि खरेदीदाराला पुराचा माल असल्याचे बिलावर लिहून द्या. निर्यातीच्या किंवा हॉटेलच्या ऑर्डरीत तो कधीही मिसळू नका. रंग सुटलेला, बुरशीचे काळे ठिपके पडलेला माल टॉवेल म्हणून विकू नका. गॅरेज आणि वर्कशॉपवाले पुसायचे कापड म्हणून तो किलोवर घेतात. विकण्याआधी सर्व्हेअरशी भाव ठरवून घ्या. भंगाराची जी किंमत तो धरतो ती दाव्यातून वजा होते, म्हणून दोन-तीन व्यापाऱ्यांचे लेखी भाव त्याच्यापुढे ठेवा. कागद नसेल तर तो स्वतःच्या अंदाजाने आकडा धरतो, आणि तो अंदाज बहुधा तुम्हाला प्रत्यक्ष मिळणाऱ्या भावापेक्षा जास्त असतो.